जेवल्यावरची भांडी

१८ फेब्रुवारी, मंगळवार

माझा माणूस असता तर आज त्याच्यावर ओरडली असती. तो जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून वहीवर ओरडते. पोरगा माझा दीपेश गोडाऊनमध्ये कामाला, तिथलं जाड काळं मार्कर पेन घेतलंय, खोक्यांवर नंबर टाकतात ते. बारीक लिहिलेलं मला दिसत नाय. हाताएवढं अक्षर काढलं तर डावा डोळा कसाबसा ओळखतो. उजव्यात मोतीबिंदू पिकलाय, तिकडून नुसतं ताक सांडल्यासारखं दिसतं.

आज मुरबाडला ऑपरेशन होतं. डोक्याला कागदाची टोपी घातली, डोळ्यात थेंब टाकले, रांगेत बसवलं. माझा नंबर आला आणि एका पोरीने बोट टोचलं. मशीनकडं बघून बोलली, "आजी, जेवणानंतरची साखर दोनशे शहाऐंशी. ऑपरेशन होणार नाही."

मी बोलली, "डोळ्याचं करायचंय गो, चहाचं नाय."

ती हसली नाय. असेल तर मला दिसलं नाय. डोळ्यांची डॉक्टरीण आली. "दोनशेच्या खाली आणा आणि मग या. एवढ्या साखरेवर चिरलं तर जखम चिघळेल, असलेली नजरही जाईल." माझ्या मागं बसलेली डोळखांबची एक बाई पुढं सरकली आणि माझ्या खुर्चीवर बसली. खुर्ची अजून गरम होती माझी!

टोपी परत मागितली त्यांनी. दिली नाय मी. पिशवीत घालून आणली.

१९ फेब्रुवारी

सगळे बोलतात, म्हातारीला डोळा कशाला पायजे? शिवायचं नाय, टिपायचं नाय, सून करते सगळं. अरे, पण मी गाव हसवते ना!

आमचा ओटा रस्त्याला लागून हाय. किन्हवलीच्या एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जातो. कोणाचं लगीन ठरत नाय, कोणाचा नवरा बायकोला घाबरतो, मला सगळं ठाऊक. एकेकाला मी शब्दाने असा टोचते की चालता चालता अडखळला पायजे. पण त्याला समोरच्याचं तोंड दिसायला लागतं. चिडला तर थांबायचं, हसला तर अजून एक द्यायचा. आता बोलून झाल्यावर कळतच नाय, समोरचा हसतोय का रडतोय.

परवा कमळूभावजी आले असं वाटलं. माझ्या माणसाचे चुलतभाऊ ते, बायको जाऊन दोन वर्षं झाली. मी बोलली, "काय नवरदेव, नवीन शर्ट? पोरगी बघायला चाललाव काय?" ते निघाले ग्रामसेवक. आमच्या घरकुलाचं काम त्यांच्याकडं अडकलंय. दीपेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाय.

म्हणून डोळा पायजे मला.

२० फेब्रुवारी

दीपेशने मोबाईलवर कोणा गोऱ्यापान माणसाचा व्हिडिओ बघितला. त्यात बोलतात, पहाटे उपाशीपोटी चालायचं, म्हणजे चरबी जळते.

"चरबी कुठं हाय रे माझ्या अंगावर? तुझ्या पोटावर हाय ती जाळ."

"आई, तू नुसती बोलतेस. उद्यापासून चालायचं. बूट आणलेत तुला."

पांढरे बूट! लुगड्याखाली पांढरे बूट घालून मी गावातून जाऊ? दुसऱ्याच्या अंगावर ते दिसले असते तर मी त्याला वर्षभर सोडला नसता.

२४ फेब्रुवारी

गेली. रोज जाते. उजाडायच्या आधी, पोटात चहाचा थेंब नाय. फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. कुत्री भुंकतात, कारण बूट त्यांना पण पटत नाय.

घरी येईपर्यंत पोटात आग पडलेली असते. मंग तांदळाच्या तीन भाकरी आणि सुकट, वर गोड चहा. खाल्लं की नम्रता, सून माझी, ताट उचलून घेते. "आई, दमून आलाव, बसा आता." बसते. दुपारी भात, की बसा. रात्री भात, की झोपा. लाकूड झाली मी बसून बसून.

३ मार्च

दीपेशने बोट टोचायचं मशीन आणलंय. सकाळची साखर चांगली. जेवल्यावरची परत तेवढीच चढलेली.

"आई, तू चोरून काय खातेस?"

माझ्या घरात मी चोर! या पोराला चार वर्षं अंगावर पाजलं, तो बालवाडीतून दप्तर टाकून प्यायला यायचा. आज तो नम्रताला सांगतो, गुळाचा डबा वर ठेव. तिने ठेवला पण. आता चहात गूळ घालायचा तर तिलाच स्टूल घ्यायला लागतं. बरं झालं.

पण रात्री मला खरंच रडू आलं. एवढी चालते, टाचा फुटल्या, आणि साखर हालत नाय. म्हणजे डोळा गेलाच काय माझा?

८ मार्च

आज मेली असती.

दीपेश बोलला, गोळी पण लवकर घेत जा, चालायच्या आधी, म्हणजे जोरात काम करेल. घेतली. उपाशीपोटी गोळी आणि वर चालणं. फाट्याच्या अलीकडं रस्त्याखालून ओढ्याची मोरी हाय, तिथं अंगाला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. कठड्यावर बसली ती उठताच येईना.

कमळूभावजी दूध घालायला चालले होते. "वैनी, काय झालं?" मला बोलताच येईना. मी गप्प बसली म्हणजे काहीतरी भयंकर झालंय हे त्यांना लगेच कळलं. खिशातला पारलेचा पुडा फोडला, किटलीतल्या दुधात बुडवून एकेक बिस्कीट तोंडात घातलं. थोड्या वेळाने डोळ्यापुढचं काळं गेलं.

पहिलं वाक्य मी काय बोलली? "भावजी, लग्न नाय झालं तरी घास भरवलाव."

त्यांनी पुडा माझ्या मांडीवर टाकला आणि गेले. चिडले काय हसले, दिसलं नाय.

१० मार्च, सोमवार

नम्रता मला किन्हवलीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, ज्याने गोळी दिली तो. दीपेश कामाला. बरं झालं, कारण डॉक्टर जे बोलला ते त्याने ऐकलं असतं तर बूट घेऊन पळाला असता.

"गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची, हे मी चिठ्ठीवर लिहिलं होतं. उपाशीपोटी गोळी घेऊन चालायला कोणी सांगितलं?"

"माझ्या पोटच्या डॉक्टरने," मी बोलली.

मंग त्याने सगळं विचारलं. कधी चालते, कधी खाते, खाऊन काय करते. मी बोलली, "खाऊन बसते. बसवतात मला, देव्हाऱ्यात बसवतात तशी."

तो बोलला, "आजी, बिघाड तिथंच आहे. सकाळची साखर तुमची ठीक आहे, चढते ती जेवल्यावर. तुम्ही चालता तेव्हा रक्तात साखर थोडी असते, आणि जेवणातली साखर रक्तात येते तेव्हा तुम्ही बसलेल्या असता. ती खायला हातपाय लागतात. जेवून उठलात की अर्ध्या तासाच्या आत हालचाल सुरू करा, पंधरावीस मिनिटं. धावायचं नाही, जड उचलायचं नाही."

"म्हणजे पाहुणे यायच्या आधीच मी पत्रावळी उचलून मोकळी, आणि पाहुणे आले की झोपा?"

"तसंच."

"मंग करू काय?"

"फेऱ्या मारा. अंगण झाडा. भांडी घासा. काहीही."

भांडी बोलला आणि मला बाजूची खुर्ची वाजल्यासारखी वाटली. नम्रता खाली बघत होती.

एसटीत मला एवढा राग आला की तिकीट तोंडात चावलं. मी या घरात आली तेव्हा बायका शेवटी जेवायच्या. दोन घास पोटात गेले नाय तर उठा, भांडी घासा, विहिरीवर जा, गोठा बघा. कंबर मोडायची. तवा मला बसायचं होतं तर कोणी बसू दिलं नाय. आता मला उठायचंय तर कोणी उठू देत नाय. आणि माझा माणूस आयुष्यभर पहिला जेवला आणि पहिला आडवा झाला. त्याला साखर होती का काय कोणी बघितलं? झोपेतच गेला बिचारा.

११ मार्च

दुपारी जेवली आणि ताट घेऊन मोरीकडं गेली. नम्रता आडवी आली.

"आई, द्या इकडं."

"डॉक्टर बोललाय, तू ऐकलंस."

"मंग अंगणात फिरा. भांड्यांना हात लावू नका."

"अंगणात ऊन बघ. पापड भाजेल. मोरी सावलीत हाय."

"नको बोलली ना!" आणि ताट ओढलं. आवाज केवढा तिचा! दोन वर्षं झाली लग्नाला, एवढा आवाज पहिल्यांदा ऐकला. मी पण सोडलं नाय. एका ताटाला दोघी, आमटीचं पाणी दोघींच्या अंगावर.

तिचं हे भांड्यांचं खूळ गेल्या वैशाखापासूनचं हाय. त्याच्या आधी दोघी मिळून घासायचो. मला बरोबर आठवतं, कारण त्याच महिन्यात सावळीच्या पोरीची हळद झाली होती आणि माझी चेष्टा गावभर गाजली होती. सावळी माझी धाकटी जाऊ, शेजारीच राहते. मांडवात बाया बोलल्या, गुणाबाय, सून आली, आता बसून खाते काय? मी बोलली, "कुठलं गो बसून! माझी सून बोलते, आधी भांडी, मंग भाकर!" आणि तिच्यासारखा आवाज काढून, कमरेवर हात ठेवून करून दाखवलं. बाया काय हसल्या! मुरबाडहून नम्रताची आयस आली होती, ती पण एवढी हसली की पदर तोंडात कोंबून उठून मांडवाबाहेर गेली.

त्यानंतर नम्रताच्या अंगात काय आलं देव जाणे. मोरीकडं फिरकू देत नाय.

१४ मार्च, धुळवड

काल होळीला नैवेद्याची पोळी सगळ्यांना, मला चतकोर. रात्री जेवून मी रस्त्यावर फेऱ्या मारायला निघाली, दुपारी उन्हात जमत नाय, जमेल ते एवढंच. पहिल्याच फेरीला सावळी दारात.

"काय गो बाय, जेवून कुठं निघालीस? घरात भांडण झालं?"

दुसऱ्या फेरीला कोणीतरी बोललं, पोटभर मिळत नसेल सुनेच्या हातचं, दुसऱ्या दारी बघत असेल. तिसऱ्या फेरीला कमळूभावजी समोरून आले, हात पाठीमागं बांधून, ढेकर देत. ते रोज रात्री जेवून देवळापर्यंत जाऊन येतात. वर्षानुवर्षं. त्यांना कोणी विचारत नाय कुठं चाललाव. पुरुष जेवून फिरला तर ती शतपावली, आणि बाई फिरली तर भटकते! आणि त्या फेरीत आमी दोघं एकाच वेळी देवळापाशी पोचलो तर सावळीने खाकरून दाखवलं.

या गावात लोकांची चेष्टा करायचं काम माझं हाय. माझी चेष्टा करायला यांना कोणी सांगितलं?

१६ मार्च, रविवार

जिंकली!

सकाळी जाहीर केलं, भांडी नाय तर भात नाय. दीपेश घरी होता. दुपारी ताट वाढलं, मी हात लावला नाय.

"आई, नाटकं बंद कर."

"माझा डोळा हाय. तुमाला काय, तुमी बघताव फोनमधल्या बाया."

नम्रता बोलली, "अहो, तुमी सांगा ना त्यांना. लोकं मला काय बोलतील? परत बोलतील." 'परत' असं का बोलली ती, कळलं नाय. आधी कोण बोललं होतं तिला?

दीपेश उठून बाहेर गेला. तो नेहमी असाच, बापासारखा. भात गार झाला. शेवटी ती बोलली, "बरं. पण मागच्या दारी. ओट्यावर बसून नाय. आणि कोणाला सांगायचं नाय."

तिचं नाक वाजत होतं. चुलीत ओलं लाकूड घातलं असेल, धूर लागला.

जेवली, आणि मांडी घालून बसली मोरीवर. राख घेतली, काथ्या घेतला. टोप, परात, तवा, पेले. काय बरं वाटलं सांगू! हात विसरले नाय. खसाखसा घासलं आणि सगळी भांडी स्वतः फळीवर लावली. अशी चमकत असतील की कमळूभावजींना भांग पाडता येईल त्यात.

१९ मार्च

नम्रता सुधारली. आता तीच बोलते, "आई, घासून झालं ना? मंग जरा फेरी मारून या. लगेच येऊ नका, देवळापर्यंत जा." दुपारी बोलते, "सावळीकाकींच्या पडवीत सावली हाय, तिथं येरझाऱ्या घाला." मी घरात राहिली की तिला करमत नाय, पाठीला हात लावून बाहेर काढते. डॉक्टरचं तिच्या डोक्यात बरोबर शिरलं. शहाणी हाय पोर, फक्त हसत नाय कधी.

सकाळी आता आधी भाकर आणि गोळी, मंग अंगण झाडते. बूट कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवलेत. एकात अंडं सापडलं.

२२ मार्च

जेवल्यावरची साखर दोनशे चौतीस. दीपेश बोलला, व्हिडिओतला माणूस बरोबर बोलला होता, थोडा टाइम लागतो. पायातली चप्पल फेकून मारली. लागली नाय. डोळा असता तर लागली असती.

२७ मार्च

चोरी! माझ्या घरात चोरी!

टँकर आला की आमी मागच्या दाराचं पिंप भरतो. ते पुढच्या टँकरपर्यंत पुरायचं, हात धुवायला पण उरायचं. आता मधेच हात घालावा तर तळ लागतो. तीन माणसांच्या घरात पाणी जातं कुठं? मी भांड्यांना घेते ते मोजून घेते, एक कळशी, वर थेंब नाय. म्हणजे कोणीतरी नेतंय. आणि नेतंय ते मी फेऱ्या मारायला जाते तेव्हाच, कारण घरात असते तेव्हा पिंपाचं झाकण वाजलेलं मी ऐकलं नाय.

मागच्या दाराला लागून घर कोणाचं? सावळीचं. आणि पुरावा पायजे तर बघा, गावात सगळ्यांची परसं वाळून कोळसा झालीत आणि आमच्या मोरीचं पाणी जातं तिथं सावळीने लावलेल्या मिरच्या कंबरेएवढ्या! मला दिसत नाय, पण हात फिरवून बघितलं. झाडाला मिरच्या लटकल्यात घोसाने. मार्चात! उगाच?

मी ओट्यावर उभी राहून हाक मारली. "सावळे, माझं पाणी पिऊन मिरच्या किती झाल्या गो?"

"काय बोलतेस बाय?"

"दोन हंडे रोज नेतेस ना मागच्या दाराने. मागून न्यायचं तर मागून घ्यायचं!"

"डोळा गेलाय ठाऊक होतं, आता डोकं पण गेलं काय तुझं? मी चोर? तुझ्या नवऱ्याच्या तेराव्याला पाणी कोणी भरलं होतं, इसरलीस?"

नम्रता धावत आली. "आई, काकींनी नाय नेलं. मीच जास्त वापरते. कपड्यांना."

बघा किती भोळी. चुलतसासूचं झाकते. तीन माणसांचे कपडे म्हणजे काय लग्नाच्या मांडवाचे पडदे हायत?

सावळीने दार आपटलं. इतकं जोरात की आमच्या फळीवरचे पेले वाजले.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. सावळीकडून दरवर्षी कडुलिंबाची चटणी येते, या वर्षी नाय आली. मला पण नको. श्रीखंड एक चमचा खाल्लं, भांडी जास्त होती तर जास्त वेळ घासली. नम्रता नंतर उभी राहून वाट बघत होती मी कधी बाहेर जाते त्याची. "आज लांब जा आई, सणाचं जेवलाव."

लांब गेली. सावळीच्या पडवीत आता जाता येत नाय, उन्हात पदर डोक्यावर घेऊन आंब्याखाली फेऱ्या मारल्या. तिच्याशिवाय टोचायला कोणी नव्हतं. आंब्याला काय बोलणार?

५ एप्रिल

एकशे शहाण्णव. परत टोचायला लावलं. एकशे त्र्याण्णव.

दीपेश बोलला, "गोळीने झालं." नम्रता बोलली, "भांड्यांनी झालं." दीपेशने तिच्याकडं बघितलं असणार, कारण ती परत बोलली, मोठ्याने, "डॉक्टर तसंच बोलले होते. मी होते तिथं. तुमी नव्हताव."

मला एवढा आनंद झाला की मी तिच्या हातातला टोप ओढून घेतला आणि परत घासला. ती बोलली, "आई, हा झालाय घासून." मी बोलली, "असू दे, तुझ्या नावाने."

१५ एप्रिल, मंगळवार

उद्या ऑपरेशन. आज दुपारची एसटी. घाईघाईत जेवलो. तरी भांडी मीच घासली. नम्रता डोक्यावर उभी, "आई, राहू द्या, एसटी जाईल, मी करते." मी बोलली, आजच नेमकी साखर चढली आणि परत हाकललं तर? भाताचा मोठा टोप मी फळीवर ठेवला, पुढं, तोंड बाहेर करून. ती परत घरात शिरायला बघत होती, मी हात धरून ओढलं तिला. एसटीत पण तिची चुळबुळ. "काय राहिलं काय गो घरी?" विचारलं तर "काय नाय."

मुरबाडला टोचलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. आधीचीच कागदी टोपी पिशवीतून काढून घातली. ती पोरगी बोलली, "आजी, ही कुठून आणली?" मी बोलली, "माहेरहून."

हसली. आवाज आला.

१७ एप्रिल, गुरुवार

पट्टी सोडली. काळा चष्मा दिलाय. डॉक्टरीण बोलली, वाकायचं नाय, डोळ्याला पाणी लावायचं नाय, जेवल्यावर फेऱ्या मारायच्या त्या तेवढ्या मारा.

पहिलं काय दिसलं? छताचा पंखा. त्याच्यावर इंचभर धूळ. डॉक्टरिणीला सांगितलं.

एसटीतून रस्ताभर बघत आली. पळसाची फुलं गळून गेली, मला कोणी सांगितलंच नाय. भाताच्या रोपांसाठी राब भाजून शेतात काळे पट्टे पडलेत. खांबाखांबावर पुढाऱ्यांची तोंडं, एकेक रेडा.

घरी आली. नम्रता माझ्या पुढं घुसली, दार उघडून सरळ मागच्या पडवीत. मी तिच्या मागं. तिचा हात फळीवर, भाताच्या टोपाला.

"काय करतेस?"

"काय नाय. जरा इसळते."

"घासलेला हाय तो. परवा मी घासलाय."

"हो. धूळ बसली."

मी चष्मा काढला. काढायचा नसतो, काढला. टोपाच्या आत काठाला भाताची कोर, वाळून चिकटलेली, वेणी घातल्यासारखी. बाहेर तेलाचा ओघळ, त्याच्यावर राख तशीच्या तशी. बुडाला माझ्या पाच बोटांची काजळी. परातीत पिठाचे पापुद्रे. हे मी घासलं होतं?

बाकीची भांडी बघितली. त्या फळीवरची, जायच्या आदल्या रात्री घासलेली, लख्ख. आरशासारखी. ती पण मीच घासलेली ना? मंग ती अशी आणि ही अशी कशी?

नम्रता तोंड फिरवून उभी होती. तिची बोटं बघितली. राखेने फुटलेली, नखात काळं. मी दिवसातून दोनदा घासते आणि हात हिचे फुटतात?

आणि मंग पिंप दिसलं. मंग मोरी. मंग मोरीचं पाणी जातं ती चरी, आणि चरीच्या पलीकडं सावळीच्या मिरच्या, लालभडक.

आई, घासून झालं ना? मंग फेरी मारून या. लगेच येऊ नका.

एक महिना! एक महिना मला देवळापर्यंत पाठवून ही बया माझी भांडी परत घासत होती, टँकरच्या पाण्याने, आणि मी त्या पाण्यासाठी जावेला गावासमोर चोर बोलली!

असा राग आला, असा राग आला, पण कोणावर काढू तेच कळेना.

"सांगितलं का नाय गो मला?"

"सांगितलं असतं तर तुमी सोडली असती भांडी," ती भिंतीला बोलली. "साखर उतरत होती."

बाहेर ओट्यावर बाया जमल्या होत्या, डोळा बघायला. सावळी पण होती, पण खाली रस्त्यावर, येऊ का नको करत. मी तो टोप उचलला. नम्रता बोलली, "आई, नको, लोकं हायत," आणि माझा पदर धरला. सोडवून घेतला.

ओट्यावर टोप उलटा केला, बोटांची काजळी सगळ्यांना दिसेल असा.

"बघा गो बायांनो, ही गुणाबायची भांडी! महिनाभर मी घासली. आणि महिनाभर माझ्या सुनेने ती परत घासली, मला न सांगता, म्हातारीचा डोळा व्हावा म्हणून. आणि ही सावळी बघा, माझं पाणी चोरते बोलली होती ना मी? उष्ट्या भांड्यांच्या पाण्यावर मिरच्या पिकवल्यात तिने! सावळे, वर ये. अर्ध्या मिरच्या माझ्या, त्यांना खत मी घातलंय."

"पाव मिरची देणार नाय," सावळी बोलली आणि वर येऊन माझ्या बाजूला बसली. टोपात बघून बोलली, "शी! हे घासलंस तू? कुत्रं चाटलं असतं तर बरं झालं असतं."

बाया हसल्या. मी सगळ्यांची तोंडं बघितली, एकेक करून. कमळूभावजी रस्त्यात उभे होते, ते पण हसत होते, आणि खरंच नवीन शर्ट होता.

मंग दाराकडं बघितलं. नम्रता चौकटीला टेकून, पदर तोंडावर धरून उभी, खांदे हालतायत. एवढ्याच बाया, असाच पदर, सावळीच्या मांडवात हिच्या आयसचा; ती तवा हसतच होती काय? जवळ गेली आणि पदर खाली ओढला.

हसत होती. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला हाय तिचा. दोन वर्षं घरात हाय, मला ठाऊक नव्हतं.

२० एप्रिल, रविवार

वाकायचं नाय, म्हणून भांडी बंद. पण जेवल्यावर बसायची पण सोय नाय. मंग नम्रता मोरीवर बसून घासते आणि मी तिच्याभोवती फेऱ्या मारते.

"परातीला पीठ राहिलं."

"दिसतंय मला."

"तव्याच्या कानाला काळं हाय. तुझ्या आयसने हेच शिकवलं काय?"

हे बोलून मी थांबली. तिचं तोंड बघितलं. ओठ घट्ट, डोळे टोपात. चिडली.

मंग तिथंच थांबली मी. पुढची फेरी गप्प मारली. त्याच्या पुढच्या फेरीला बोलली, "आयसला सांग, यंदाच्या सुट्टीत आठ दिवस राहायला ये. तिच्यापुढं भांडी मी घासणार. तुला परत घासायला लागतील, तेवढं फक्त सांगू नको."

तिने कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन माझ्या पायावर उडवलं. फक्त पायावर. डोळ्याला लावायचं नाय, हे तिच्या बरोबर ध्यानात होतं.